"काका, हे गणित येत नाही": गृहपाठात नेमकं कुठे अडतं ते शोधण्याची रीत

संध्याकाळचे सात वाजले की परळमधल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत सतरंजी पडते. मजल्यावरची आठवी ते दहावीची सात-आठ मुलं वह्या घेऊन बसतात आणि दहा मिनिटांत पहिली हाक येते, "काका, हे गणित येत नाही." माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो, "कुठल्या ओळीपर्यंत येतं?"

नव्या मुलाला ही टाळाटाळ वाटते. पण नुसतं "येत नाही" म्हटल्यावर कुणालाच काही करता येत नाही, मला नाही आणि शाळेतल्या बाईंनाही नाही. "समीकरण मांडलं, पण छेद कसा घालवायचा ते कळत नाही" असं कुणी म्हटलं तर अर्ध्या मिनिटात काम होतं. गृहपाठ करायला शिकणं म्हणजे माझ्या मते अडलेल्या ओळीवर बोट ठेवायला शिकणं. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे. राज्य मंडळाचं नववी-दहावीचं गणित डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी माझ्या जुन्या सवयीने क्ष आणि य लिहीन.

वही आणि जागा

जागेची रड सगळ्यांचीच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत एकीकडे मालिका, दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या. गॅलरी, जिन्याचा वरचा टप्पा किंवा जवळची अभ्यासिका, जे मिळेल ते घ्या. पूर्ण शांतता नसली तरी गणित होतं. फोन मात्र हात पोचेल इतका जवळ नको.

वहीबद्दल माझा एक हट्ट आहे. पानाच्या उजवीकडे चार बोटं जागा सोडा आणि कच्चं काम तिथेच करा, वहीच्या मागच्या पानावर किंवा कॅलेंडरच्या पाठीवर नको. निम्म्या चुका कच्च्या कामातच होतात. तो कागद रद्दीत गेला की चूकही रद्दीत जाते आणि मग "उत्तर का चुकलं?" याला कुणाकडेच उत्तर नसतं. खोडरबरही शक्यतो दूर ठेवा, चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली की पुरे. वही थोडी गचाळ दिसेल, दिसू द्या. आणि प्रत्येक ओळीला समासात छोटा क्रमांक घाला. क्रमांक नसेल तर अडलेल्या ओळीचं नाव कसं सांगणार?

आधी गणित मराठीत सांगा

मुंबईतल्या बऱ्याच मराठी शाळांत आता सेमी इंग्लिश आहे. इतिहास मराठीत, गणित इंग्रजीत. त्यामुळे एक गंमत होते. मुलाला गणित येत असतं, पण गणितातलं वाक्य येत नसतं. 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'रिस्पेक्टिव्हली' हे तीन शब्द किती जणांचे गुण खातात ते मी रोज बघतो. म्हणून पहिली पायरी अशी, की पेन खाली ठेवायचं आणि गणितात काय घडलंय ते शेजारच्या आजीला सांगावं तसं मराठीत सांगायचं. किमान, जास्तीत जास्त, अनुक्रमे. सांगता आलं नाही, तर तुमची अडलेली ओळ शून्यावी आहे. समीकरणापर्यंत तुम्ही पोचलेलाच नाहीत.

मराठीचा इथे एक फायदाही आहे. 'थ्री लेस दॅन एक्स' वाचून मुलं हटकून ३ − क्ष लिहितात, कारण इंग्रजीत तीन आधी येतो. मराठीत तेच वाक्य "क्ष पेक्षा ३ ने कमी" असं होतं. शब्द जसे येतात तसे लिहीत गेलं की क्ष − ३ आपोआप होतं. "एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने जास्त" म्हणजे २क्ष + ५, इथेही क्रम तोच.

एक साधं गणित घेऊ. तीन वडापाव आणि दोन कटिंग चहा मिळून ८४ रुपये झाले. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर दोन वडापाव आणि तीन कटिंग घेतले, ७६ रुपये झाले. एकेकाची किंमत किती?

पेन उचलण्याआधी अंदाज करा. वडापाव कटिंगपेक्षा महाग असणार, कारण वडापाव जास्त घेतले त्या दिवशी बिल जास्त झालं. किती महाग? एक वडापाव कमी केला, एक कटिंग वाढवला, तर बिल आठ रुपयांनी उतरलं. म्हणजे दोघांत फरक आठ रुपयांचा. बघा, अर्धं गणित बोलता बोलताच सुटलं. आता मांडणी. वडापाव क्ष रुपये, कटिंग य रुपये:

३क्ष + २य = ८४
२क्ष + ३य = ७६

सहगुणक अदलाबदल झालेले दिसले की बेरीज आणि वजाबाकी दोन्ही करून बघायची. बेरीज केली तर ५क्ष + ५य = १६०, म्हणजे क्ष + य = ३२. वजाबाकी केली तर क्ष − य = ८. त्यावरून क्ष = २०, य = १२.

इथे मुलं वही मिटतात. मिटू नका, ताळा राहिला. तीन वडापावांचे ६० आणि दोन कटिंगचे २४, मिळून ८४, बरोबर. पण ताळा दुसऱ्या समीकरणातही घ्यायचा, कारण चुकीचं उत्तरसुद्धा एका समीकरणात बसू शकतं. क्ष = २४, य = ६ घेऊन बघा, पहिल्यात चोख बसतं आणि दुसऱ्यात ६६ येतात. दोन्हींत बसलं तरच उत्तराखाली रेघ.

एकक: जिथे हुशार मुलंही घसरतात

वर्गसमीकरणाचं शाब्दिक गणित आलं की गॅलरीत शांतता पसरते. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर धरा. गाडीचा सरासरी वेग ताशी १० किलोमीटरने वाढवला तर प्रवासाची १८ मिनिटं वाचतात. मूळ वेग काढा.

काढायचं काय आहे? वेग. त्याला क्ष म्हणू, ताशी किलोमीटर. हे एकक शेजारी लिहाच. जुना वेळ ६०/क्ष तास, नवा वेळ ६०/(क्ष + १०) तास. जुना वेळ जास्त, म्हणून जुन्यातून नवा वजा करायचा. वजाबाकी बरोबर कशाच्या? इथे दहापैकी सहा-सात वह्यांत "१८" असतं. डावीकडे तास, उजवीकडे मिनिटं.

समजा तुम्हीही १८ लिहिलंत. गणित तरीही सुटतं, हीच तर पंचाईत. वेग येतो ताशी साधारण २.६ किलोमीटर. ज्याने आधी अंदाज केला नव्हता तो हे उत्तर लिहून मोकळा होतो. ज्याने "लोकल थांबत थांबत गेली तरी ताशी तीस-चाळीस तर असेलच" असं म्हटलं होतं, त्याला लगेच ठेच लागते. अडीच-तीनच्या वेगाने तर आपण स्टेशनच्या पुलावरून गर्दीत चालतो! मग तो उलटा फिरतो, ओळींवरून बोट फिरवतो आणि १८ पाशी थांबतो.

१८ मिनिटं म्हणजे १८/६०, म्हणजे ३/१० तास.

६०/क्ष − ६०/(क्ष + १०) = ३/१०

डावीकडे छेद एक केला की वर ६०क्ष + ६०० − ६०क्ष, म्हणजे फक्त ६०० उरतात. या ओळीत कंस सोडवताना चिन्ह चुकण्याची शक्यता असते, म्हणून ही ओळ गाळून पुढे उडी मारू नका. मग ६०० / क्ष(क्ष + १०) = ३/१०, म्हणजे क्ष(क्ष + १०) = २०००.

क्ष² + १०क्ष − २००० = ०
(क्ष + ५०)(क्ष − ४०) = ०

क्ष = ४० किंवा −५०. वेग ऋण नसतो म्हणून ४०. "वेग ऋण नसतो" हे वाक्य लिहायचं, मनात ठेवायचं नाही. ताळा: ताशी ४० ने ६० किलोमीटरला दीड तास, म्हणजे ९० मिनिटं. ताशी ५० ने १.२ तास. आता १.२ तास म्हणजे एक तास वीस मिनिटं नव्हे हो! १.२ × ६० = ७२ मिनिटं. ९० − ७२ = १८. बसलं.

पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतात. ०.७५ तास वाचून ज्याला काही सुचत नाही, त्याला पाऊण तास म्हटलं की ४५ मिनिटं लगेच दिसतात.

सांख्यिकी: सूत्र पाठ आहे, पण रांग दिसत नाही

सांख्यिकीला मुलं "गुण देणारा धडा" म्हणतात. कोष्टक करायचं, सूत्रात घालायचं, गुण घ्यायचे. म्हणूनच इथल्या चुका कुणाच्या लक्षात येत नाहीत. या धड्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

मागे मुलांना सांगितलं, चाळीत फिरा आणि कामाला जाणाऱ्यांना घरापासून कामाच्या जागी पोचायला किती मिनिटं लागतात ते विचारा. शिकवायला सोपे जावेत म्हणून आकडे मी थोडे घडवून घेतले आहेत. ५० माणसं. ० ते २० मिनिटं लागणारे ४ जण, २० ते ४० लागणारे १०, ४० ते ६० लागणारे १६, ६० ते ८० लागणारे १२, ८० ते १०० लागणारे ८.

पहिली पायरी म्हणजे वारंवारतांची, म्हणजे प्रत्येक वर्गातल्या (गटातल्या) माणसांच्या संख्येची, बेरीज. ४ + १० + १६ + १२ + ८ = ५०. पन्नास आली नाही तर पुढे एक अक्षर लिहायचं नाही.

आता कोष्टकाकडे नुसतं बघा. सगळ्यात मोठा घोळका ४० ते ६० मध्ये आहे. दोन्ही बाजूंना माणसं आहेत, उजवीकडे जरा जास्त. मग मध्य, म्हणजे सरासरी, पन्नाशीच्या किंचित पुढे असणार. हा अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

मध्य. वर्गमध्य, म्हणजे प्रत्येक वर्गाचा मधला आकडा, १०, ३०, ५०, ७०, ९०. प्रत्येकाला वारंवारतेने गुणलं की ४०, ३००, ८००, ८४०, ७२०. बेरीज २७००, भागिले ५०, मध्य ५४ मिनिटं. ही सरळ पद्धत.

गृहीतमध्य पद्धत वेगळं काहीतरी आहे असं मुलांना वाटतं. तसं नाही. आपण म्हणतो, "चला, सगळ्यांना ५० मिनिटंच लागतात असं धरू, मग कोण किती मागेपुढे आहे ते बघू." विचलनं −४०, −२०, ०, २०, ४०. वारंवारतेने गुणून −१६०, −२००, ०, २४०, ३२०. बेरीज २००. पन्नास जणांत वाटली तर माणशी ४. म्हणजे आपला ५० चा अंदाज ४ ने कमी पडला, खरा मध्य ५४. बाजारात दहा भाज्यांचा हिशेब करताना आईसुद्धा "सगळ्या चाळीसच्या धर, मग वरखाली बघ" असंच करते. मध्यप्रमाण विचलन पद्धतीत त्याच विचलनांना आणखी २० ने भागून आकडे लहान करतात आणि शेवटी २० ने गुणून परत आणतात. तो शेवटचा गुणाकार विसरला की उत्तर ५०.२ येतं. अंदाजाच्या जवळच येतं, म्हणून ही चूक पकडायला अवघड. उपाय एकच, गृहीतमध्य घेतल्याबरोबर "शेवटी × २०" असं उजव्या समासात आधीच लिहून टाकायचं.

मध्यक. सूत्र प्रत्येकाला पाठ असतं, अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. मी पन्नास जणांना तिकिटाच्या रांगेत उभं करतो, सगळ्यात कमी वेळ लागणारा पुढे, जास्त लागणारा मागे. मधला माणूस शोधायचा आहे, ५०/२ = २५. पहिल्या वर्गात ४ गेले, दुसऱ्यापर्यंत १४ गेले, तिसऱ्यापर्यंत ३०. म्हणजे पंचविसावा माणूस तिसऱ्या वर्गात, ४० ते ६० मध्ये. त्याच्यापर्यंत पोचायला १४ च्या पुढे आणखी ११ माणसं मोजायची. या वर्गात १६ माणसं २० मिनिटांच्या पट्ट्यात सारख्या अंतरावर पसरली आहेत असं मानू. मग ११ माणसांना किती मिनिटं? (११/१६) × २० = १३.७५. वर्ग सुरू होतो ४० ला, म्हणून मध्यक ५३.७५ मिनिटं.

आता सूत्र उघडून बघा. वर्गाची खालची मर्यादा, अधिक अर्ध्या संख्येतून वजा केलेली मागची संचित वारंवारता (म्हणजे आधीच्या वर्गापर्यंतची एकूण माणसं), भागिले वर्गाची वारंवारता, गुणिले वर्गाची लांबी. आपण रांगेत जे केलं ते अक्षर न् अक्षर तेच आहे. सगळ्यात जास्त होणारी चूकही आता दिसेल. मुलं मागच्या वर्गाच्या १४ ऐवजी त्याच वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे ३०, घालतात. मग २५ − ३० = −५ आणि उत्तर येतं ३३.७५. मध्यक वर्ग ४० ते ६० आणि मध्यक ३३.७५! माणूस आपल्या रांगेतून पळून गेला. मध्यक आणि बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) काढले की उत्तर त्याच वर्गात बसतंय का ते बघणं, हा दोन सेकंदांचा ताळा आहे आणि तो कधीही चुकवू नये.

बहुलक. सगळ्यात जास्त वारंवारता १६, आधीची १०, नंतरची १२. ४० + (६/१०) × २० = ५२. इथे छेदातली "दुप्पट १६ वजा १० वजा १२" ही वजाबाकी समासात वेगळी करा.

मध्य ५४, मध्यक ५३.७५, बहुलक ५२. तिघं शेजारी शेजारी बसले. असं झालं की बहुतेक वेळा आकडेमोड बरोबर असते. एखादाच लांब गेला, तर आधी त्याच्यावर संशय घ्या.

वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक दिले असतील तर मध्यक आणि बहुलक काढण्याआधी ते सलग करून घ्यायचे, ९.५–१९.५ वगैरे. हे विसरलं तर मध्यक आणि बहुलकाच्या सूत्रातली खालची मर्यादा ०.५ ने चुकते आणि वर्गाची लांबीही १० ऐवजी ९ धरली जाते.

मध्य आणि मध्यक दोन्ही कशाला हवेत, हा प्रश्न एका नववीतल्या मुलीने विचारला होता. मला तो फार आवडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आता समजा पावसाळ्यातले दुसरे सहा दिवस साधे आहेत, १०, २०, २५, ३०, ३५, ४० मिलिमीटर. हे सहा माझ्या मनाचे. सात दिवसांची बेरीज ११०४, मध्य जवळजवळ १५८. या सातांपैकी एका तरी दिवशी १५८ च्या आसपास पाऊस पडला का? नाही. मध्यक मात्र ३०, म्हणजे नेहमीच्या दिवसासारखा. एकच आकडा मध्याला ओढून नेतो, मध्यक जागचा हलत नाही. वर्तमानपत्रात "सरासरी पगार" वाचला की ती मुलगी आता विचारते, "काका, मध्य की मध्यक?"

संभाव्यता: आधी यादी, मग अपूर्णांक

या धड्यात मुलं घाई करतात आणि थेट अपूर्णांक लिहितात. माझा नियम असा, की नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, पूर्ण लिहून झाल्याशिवाय अपूर्णांक लिहायचा नाही. दोन नाणी फेकली तर किती निकाल? "तीन," असं उत्तर येतं. दोन्ही छापे, दोन्ही काटे, एकेक. मग मी लिहायला लावतो: छाछा, छाका, काछा, काका. शेवटच्यावर सगळे माझ्याकडे बघून हसतात, पण चार आहेत हे लक्षात राहतं. ही चूक केलीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दालांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही अठराव्या शतकात अशीच गडबड केली होती. नाणं दोनदा फेकून किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ सांगितली. खरी ३/४.

"किमान एक" दिसलं की उलटा विचार करा. दोन फासे टाकले, किमान एकावर ६ येण्याची संभाव्यता किती? मुलं म्हणतात पहिल्यावर सहा असे ६ निकाल, दुसऱ्यावर सहा असे ६, एकूण १२/३६. यात (६, ६) दोनदा मोजला गेला. उलट्या बाजूने बघा. एकावरही सहा नाही असे ५ × ५ = २५ निकाल, ३६ − २५ = ११, उत्तर ११/३६. आणि संभाव्यता १ पेक्षा मोठी किंवा ऋण आली तर कुठे चुकलं ते शोधायला मला हाक मारायची गरज नाही.

भूमिती

भूमितीबद्दल थोडक्यात. आकृती मोठी काढा, अर्धं पान गेलं तर जाऊ द्या. पक्षात दिलेली प्रत्येक गोष्ट आकृतीवर खूण करून दाखवा. दिलेल्या गोष्टी पाच आणि खुणा चार असतील तर अडण्याचं कारण बहुधा तेच. सिद्धता सुचत नसेल तर साध्यापासून मागे चला. हे सिद्ध करायला मला काय मिळालं तर पुरे होईल? दोन त्रिकोण समरूप मिळाले तर. मग त्यांचे दोन कोन समान आहेत का? असं मागे येत येत पक्षाला हात लागला, की वहीत सरळ क्रमाने लिहायचं.

त्रिकोणमितीत गुणोत्तर उलटं होणं हा कायमचा रोग आहे. फोर्टमधला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच. त्याच्या टोकाचा उन्नत कोन (वर बघताना नजरेचा आडव्या रेषेशी होणारा कोन) ३०° दिसतो, तर आपण पायथ्यापासून किती लांब उभे आहोत? टॅन ३०° = १/√३ = ८५/अंतर, म्हणून अंतर ८५√३, साधारण १४७ मीटर. गुणोत्तर उलटं लिहिलं तर ४९ मीटर येतं. आता मनातल्या मनात ओव्हल मैदानापाशी उभे राहा. ८५ मीटरच्या मनोऱ्यापासून फक्त ४९ मीटरवर असाल तर मान किती वर करावी लागेल? कोन ४५° पेक्षा कमी असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्त, एवढं पक्कं ठेवलं की उलटं गुणोत्तर लगेच पकडता येतं.

चुकांची वही

दोनशे पानी नको, एक पातळ वही पुरे. रोजचा गृहपाठ तपासून झाला की चुकलेल्या प्रत्येक गणिताची एकच ओळ त्यात लिहायची: गणित क्रमांक, कितवी ओळ, काय झालं. "सिली मिस्टेक" हा शब्द या वहीत चालत नाही. त्या शब्दाखाली सगळं झाकलं जातं. चूक तीनपैकी एक असते. वाचताना चुकलं, आकडेमोडीत चुकलं, की मुळात समजलंच नव्हतं. तिन्हींवर औषधं वेगळी आहेत. वाचताना चुकत असेल तर मराठीत सांगण्याची पायरी वाढवा. समजलं नसेल तर धड्यातलं सोडवलेलं उदाहरण पुस्तक झाकून पुन्हा करा.

आकडेमोड कच्ची असेल तर पाढ्यांच्या जोडीला मी एक खेळ देतो. तो गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आता तिथवर लोकल जाते. पुढे ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलं असं: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर (तीन अंकी आली तर पुढे ० लावून) पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. सात वेळा करून ६१७४ आली नाही, तर हातचा कुठेतरी चुकला आहे आणि तो कुठे ते मूल स्वतःच शोधतं.

दर रविवारी या वहीतल्या तीन ओळी निवडून ती गणितं कोऱ्या कागदावर पुन्हा करायची. कालच केलेलं गणित आज येतं, त्यात विशेष काही नाही. आठ दिवसांनी आलं तर आलं. परीक्षा महिनाभरावर आली की याच कामाला घड्याळ लावा. दहावीला बीजगणिताचे ४० गुण आणि दोन तास, भूमितीचंही तसंच. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, त्यात वाचणं आणि ताळा दोन्ही आलं. त्याआधी महिनोन् महिने घड्याळ नको.

खरंच अडलं तर

एका गणितावर पंधरा मिनिटं जाऊन एकही नवी ओळ आली नसेल तर थांबा. पुढचं गणित घ्या. अर्ध्या तासाने परत या, कधी कधी तेवढ्यात सुटतं.

तरी नाही, तर गाईड उघडायला माझी हरकत नाही. फक्त उत्तरावर फूटपट्टी आडवी ठेवा आणि एकेक ओळ उघडा. जी ओळ बघून "अच्छा!" झालं तिथे गाईड मिटवा आणि उरलेलं स्वतः करा. त्या ओळीचा क्रमांक चुकांच्या वहीत जातो. फोटो काढून उत्तर देणाऱ्या ॲपलाही नियम तोच लावा, कारण तिथे तर सगळ्या ओळी एकदम येतात. पूर्ण उत्तर उतरवून काढणाऱ्याची वही पूर्ण दिसते आणि मग घटक चाचणीत कोरा कागद. पालकांनीही मुलाच्या हातून पेन घेऊन गणित सोडवून दाखवू नये. "कुठपर्यंत आलास?" एवढं विचारलं तरी पुरे, त्यासाठी स्वतःला गणित यायला हवं असं नाही.

आणि सरांना किंवा बाईंना विचारायचं असेल तर व्हॉट्सॲपवर गणिताचा नुसता फोटो टाकून "सर, हे कसं करायचं?" असं लिहू नका. आपली वही दिसेल असा फोटो काढा आणि चार गोष्टी लिहा. काय दिलंय, काय काढायचंय, मी कुठपर्यंत आलो, कुठली ओळ कळत नाही. असं काहीतरी: "सर, विरार लोकलचं गणित. वेग क्ष धरला. तिसऱ्या ओळीत दोन वेळांची वजाबाकी केली. चौथ्या ओळीत उजवीकडे १८ लिहिलं, पण उत्तर २.६ येतंय, ते फारच कमी वाटतं. १८ मिनिटं आणि डावीकडे…"

बऱ्याचदा मूल इथेच थांबतं, "अरे, तास!" असं ओरडतं आणि मेसेज न पाठवताच पुसून टाकतं.